‘बर’ महिन्यांची बेगमी

१ सप्टेंबरच्या सकाळी मनिलात रेडिओ लावला की नाताळची गाणी ऐकू येतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, वादळांचा मोसम भरात असतो, रस्त्यात गुडघाभर पाणी साचलेलं असू शकतं आणि नाताळ अजून ११५ दिवस लांब असतो. त्या गाण्यांतला पहिला आवाज बहुतेक वेळा होजे मारी चान या गायकाचा असतो. त्यांचा नाताळगीतांचा अल्बम १९९० साली आला आणि तेव्हापासून सप्टेंबर हा जणू त्यांच्या नावावर लिहून दिलेला महिना झाला. ऑगस्ट संपत आला की हे हसतमुख गृहस्थ भिंतीआडून डोकावताहेत अशी चित्रं फिलिपिन्समधल्या लोकांच्या फोनवर फिरू लागतात. पुढे १६ सप्टेंबरला बरोबर शंभर दिवस उरतात, आणि मग टीव्हीच्या बातम्यांत रोज उलटी मोजणी सुरू होते.

या चार महिन्यांना तिथे ‘बर मंथ्स’ म्हणतात. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको; सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं आपल्याकडेही ‘बर’नेच संपतात. गंमत अशी की खुद्द फिलिपिनो भाषेत ती स्पॅनिश वळणाची आहेत, सेत्येम्ब्रे, नोब्येम्ब्रे अशी ‘ब्रे’वर संपणारी. नाताळ स्पॅनिश राजवटीतून आला आणि ‘बर’ अमेरिकन राजवटीतल्या इंग्रजीतून. दोन साम्राज्यांनी मागे ठेवलेलं सामान एकाच सणात मांडलेलं आहे.

चर्चच्या पंचांगाला या घाईशी काही देणंघेणं नाही. त्यानुसार नाताळची तयारी म्हणजे ‘आगमनकाळ’, आणि तो सुरू होतो २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी. मध्ये १ नोव्हेंबरला सगळा देश कबरस्तानात जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो, तोही दिवस या चार महिन्यांच्या पोटातच येतो. मग सप्टेंबर कुठून आला? ‘मॉलवाल्यांनी आणला’ हे सोपं उत्तर आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण दुकानदार सांगेल तेव्हा सण सुरू करणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कुणाचाही नाताळ इतका लांबत नाही. फिलिपिन्समध्ये सण लवकर सुरू होतो याचं कारण मला तरी उतावळेपणात दिसत नाही, बेगमीत दिसतं. कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा, सुकी मासळी आणि मिरच्या-मसाला भरून ठेवतात, त्याला आपण मे महिन्यात पावसाळा साजरा करणं म्हणत नाही. इथे बेगमी करतानाच लोक गाणी लावतात, एवढाच फरक.

बेगमीचा पहिला धडा म्हणजे खोका. देशाबाहेर राहणारे फिलिपिनो सुमारे एक कोटी आहेत: दुबई, रियाध, हाँगकाँग, कॅलिफोर्निया, शिवाय समुद्रावर. (गोव्याचे आणि वसईचे दर्यावर्दी जहाजावर त्यांच्या शेजारीच काम करतात. सप्टेंबरमध्ये जहाजाच्या मेसमध्ये ‘जिंगल बेल्स’ का वाजतंय, हा प्रश्न त्यांना फार तर पहिल्या वर्षी पडत असेल.) यातले सगळे डिसेंबरात घरी येऊ शकत नाहीत. ते ‘बालिकबायान’ खोका पाठवतात. बालिक म्हणजे परत, बायान म्हणजे गाव. माणूस परतला नाही तरी खोका परततो.

हा खोका समुद्रमार्गे जातो, आणि सणाची पहिली तारीख ठरते ती इथे. आखातातून मनिलाला साधारण महिना ते दीड महिना, अमेरिकेतून दोन महिने किंवा जास्तच. मिंदानाओ किंवा विसायासमधल्या बेटांवर जायचं असेल तर आणखी वर. डिसेंबर जवळ आला की मनिलाच्या बंदरात दाटी होते आणि मुक्काम लांबतो. म्हणजे अमेरिकेतला खोका सप्टेंबरअखेर किंवा फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला पाहिजे, आणि तो तेव्हा निघायचा तर भरायला त्याआधी कित्येक आठवडे घेतला पाहिजे. खोलीच्या कोपऱ्यात उघडा खोका ठेवलेला असतो. सवलतीत मिळालेली टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे, टॉवेल, भाच्याचे बूट, असं एकेक त्यात पडत जातं.

भाडं खोक्याच्या आकारावर असतं, वजनावर नाही. त्यामुळे भरण्याचं शास्त्र विमानाच्या बॅगेच्या अगदी उलट आहे: इथे जड वस्तू फायद्याच्या आणि पोकळी तोट्याची. डबे तळाशी, एकमेकांना चिकटून. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत लहान बाटल्या. शॅम्पू आणि लोशनच्या बाटल्यांची झाकणं काढायची, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण परत फिरवायचं, वरून चिकटपट्टी, आणि मग पिशवी. एवढं केलं नाही तर एका फुटक्या बाटलीपायी आख्खा खोका सुगंधी होतो. साबण आणि खाण्याच्या वस्तू एका खोक्यात घालायच्याच असतील तर मध्ये कपड्यांची जाड भिंत हवी. दीड महिना बंद कंटेनरच्या उष्णतेत राहिलेल्या चॉकलेटला आणि कॉफीला साबणाचा वास लागला की तो जात नाही. चॉकलेट नेहमी मधोमध, टॉवेलात गुंडाळून. खोका फुगू द्यायचा नाही, कारण फुगलेल्या खोक्यावर दुसरे रचले की शिवण उसवते. आणि अर्धा रिकामाही ठेवायचा नाही, कारण मग तो वरच्या वजनाने बसतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अशा खोक्यांतल्या घरगुती वस्तूंवर वर्षाला १,५०,००० पेसोपर्यंत जकात आणि कर माफ आहेत, तेही वर्षातून तीन वेळांपर्यंत. मात्र सोबत वस्तूंची यादी नीट हवी, आणि एकच वस्तू विकायला आणल्यासारखी ढिगाने भरली तर सवलत हातची जाते.

घरी राहिलेल्यांची बेगमी पैशांची. तिथे ‘पालुवागान’ चालतो, आपली भिशीच: दहा-बारा जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी मिळते. डिसेंबरची पाळी कुणाला यावरून कुरबुर होते हे वेगळं सांगायला नको. कायद्याने मिळणारी बेगमी म्हणजे तेराव्या महिन्याचा पगार. १९७५ च्या अध्यक्षीय फर्मान क्रमांक ८५१ ने तो सक्तीचा केला. सुरुवातीला महिना १,००० पेसोपर्यंत कमावणाऱ्यांनाच होता, ती मर्यादा १९८६ मध्ये उठली. हिशेब सोपा आहे. वर्षभरात हाती आलेल्या मूळ पगाराला १२ ने भागायचं. दरमहा १८,००० पेसोवर पूर्ण वर्ष काम केलं तर १८,००० मिळतात, जुलैत लागलेल्याला ९,०००. ओव्हरटाइम आणि भत्ते यात धरत नाहीत, आणि नव्या कामगाराचा अपेक्षाभंग बहुधा इथेच होतो. रक्कम २४ डिसेंबरपर्यंत हातात पडलीच पाहिजे. आपल्याकडच्या दिवाळी बोनसचा कायदेशीर किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे तोही वर्षाच्या कमाईचा बारावा भागच. दोन्ही देशांनी सणाची किंमत एकाच अपूर्णांकात मोजली आहे.

पण पैसे डिसेंबरात येतात आणि भाव त्याआधी चढतात. नाताळच्या रात्रीच्या जेवणात ‘केसो दे बोला’ लागतं, लाल मेणाच्या कवचातला एडाम चीजचा गोल गोळा. मेणामुळे ते टिकतं, म्हणून शहाणी माणसं ते स्वस्त असताना घेऊन ठेवतात आणि मग डिसेंबरपर्यंत पोरांपासून सांभाळतात.

आता कंदील. फिलिपिनो नाताळची खूण झाड नाही, ‘पारोल’ आहे. शब्द स्पॅनिश ‘फारोल’वरून आला, अर्थ कंदील. पाच टोकांचा तारा, खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या. ज्याने लहानपणी कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद घेऊन आकाशकंदील केला आहे, त्याला पारोल शिकवायला अर्धा तास पुरे. त्याचा सांगाडा आपल्या षट्कोनी कंदिलापेक्षा सोपा आणि जास्त हुशारीचा आहे, म्हणून तो नीट सांगतो.

बांबूच्या दहा कामट्या, प्रत्येकी १० इंच लांब आणि पाव इंच रुंद. शिवाय ३ इंचांचे पाच टेकू, थोडे जाड. बांबू वाळलेला हवा. ओल्या कामट्या नंतर आक्रसतात आणि गाठी सैल पडतात. पेर असलेला तुकडा शक्यतो टाळायचा, कारण तो वाकत नाही, आणि इथे सगळी करामत वाकण्याचीच आहे. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून ३.८ इंचांवर पेन्सिलीने खूण करायची. मध्ये उरतात २.४ इंच. पाच कामट्यांचा तारा रचला की कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवर ओलांडतात. खूण न करता नजरेने बांधणाऱ्याचा तारा लंगडतो: एक हात लांब, शेजारचा आखूड, आणि कागद चिकटवल्यावर हे लपत नाही, उलट उठून दिसतं. कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणत जायच्या. सगळ्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर तारा सपाट राहत नाही, पिळला जातो. पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची.

असे दोन तारे करून एकावर एक ठेवायचे आणि फक्त पाच टोकांना एकत्र बांधायचे. मग आतल्या पाच छेदबिंदूंवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, एकेक टेकू उभा सरकवायचा. तारा फुगतो. कामट्या ताणाखाली कमानीसारख्या वाकतात आणि तो ताणच टेकूंना जागच्या जागी धरून ठेवतो; तरी दोऱ्याचे दोन वेढे द्यावेतच. दहा इंचांच्या कामटीला पाच इंचांचा टेकू घातला तर टोकाची गाठ सुटते नाहीतर कामटी चिरते. दीड इंचाचा घातला तर तारा चपटा राहतो, बल्ब कागदाला टेकतो. पहिला टेकू घालून लगेच शेजारचा घालायचा नाही, एक सोडून एक असे घालायचे, म्हणजे ताण एका बाजूला जमत नाही.

कागद पारंपरिक म्हणजे ‘पापेल दे हापोन’, जपानी कागद. आपल्या पतंगाच्या कागदाचा भाऊ. चिकटवायला पिठाची खळ. पातळ झाली की कागदात मुरते आणि रंग पसरतो, दाट झाली की गुठळ्यांचे डाग पडतात आणि झुरळांची सोय होते. कागद ताणून चिकटवायचा मोह आवरावा. दमट हवेत तो सैलावलेला असतो. दुपारी ऊन पडलं की आक्रसतो आणि नेमका कामटीच्या कडेला फाटतो. एका हाताची एक बाजू उघडी ठेवायची, बल्ब आणि वायर आत जायला. झिरमिळ्या शेवटी.

असा कागदी पारोल सप्टेंबरात बाहेर टांगता येत नाही, पहिल्याच सरीत त्याचा लगदा होतो. सण चार महिन्यांचा झाला तसं कंदिलाचं सामानही बदललं: सेलोफेन, प्लॅस्टिक, एलईडीच्या माळा, आणि सगळ्यांत देखणा म्हणजे शिंपल्याचा. या शिंपल्याचं आणि तिथल्या एका प्रांताचं नाव एकच, कापिझ. तळहाताएवढा, चपटा, अर्धपारदर्शक. तो धुऊन साफ करतात, साच्याने कापतात, रंगवतात आणि तुकडे धातूच्या चौकटीत बसवतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले दुधी शिंपले हेच, जातही तीच. गोव्यात त्यातून दुपारचं ऊन आत गाळून घेतलं, फिलिपिन्समध्ये रात्रीचा दिवा बाहेर.

पारोलचं टोक गाठलं आहे ते पाम्पांगा प्रांतातल्या सान फेर्नांदोने. तिथे डिसेंबरात मोठ्या कंदिलांची स्पर्धा होते. व्यास सुमारे २० फूट, आत हजारो बल्ब, आणि सगळे बँडच्या तालावर उघडमीट करतात. संगणकाविना हे होतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कंदिलामागे लोखंडी पिंपं आडवी बसवलेली असतात. विजेचं एक टोक पिंपाला जोडलेलं. बल्बांच्या प्रत्येक गटाची वायर एका केसांच्या आकड्याला जोडतात, आणि असे शेकडो आकडे रांगेने पिंपाच्या पत्र्यावर टेकवतात. पत्र्यावर चिकटपट्टीचे तुकडे ठरवून डकवलेले असतात. पिंप हाताने फिरवलं की आकडा उघड्या पत्र्यावर आला की गट पेटतो, पट्टीवर गेला की विझतो. म्हणजे पिंपावरच्या पट्ट्या ही त्या नाचाची लिहून ठेवलेली बंदिश, आणि फिरवणारा तिचा वादक. ठिणग्यांनी पट्टीची कड जळते, एखादा आकडा वाकतो, आणि मग ऐन स्पर्धेत एक पाकळी अंधारात राहते किंवा हट्टाने जळतच राहते. हे काम पावसाळ्यातच सुरू करावं लागतं. सान फेर्नांदोच्या कारागिराला सप्टेंबर लवकर वाटत नाही, उशीर झालासा वाटतो.

हे सगळं होईतो १६ डिसेंबर येतो. त्या पहाटेपासून २४ पर्यंत नऊ दिवस ‘सिंबांग गाबी’, म्हणजे रात्रीची मिस्सा, चर्चमधली सामूहिक उपासना. नाव रात्रीचं, वेळ पहाटे चारच्या आसपासची; शेतकऱ्यांना कामावर जाण्याआधी येता यावं म्हणून ठरलेली. आगमनकाळाचा रंग जांभळा असला तरी या नऊ मिस्सांना धर्मगुरू शुभ्र वस्त्रं घालतात, ही इथल्या चर्चला मिळालेली खास मुभा. शहरांत आता नोकरदारांसाठी आदल्या संध्याकाळची मिस्साही असते, १५ पासून. नऊही पुऱ्या केल्या की इच्छा फळते अशी श्रद्धा आहे. पहिल्या पहाटे चर्च भरलेलं, नवव्या पहाटे ओसंडणारं. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र बाकं रिकामी मिळतात. आणि चर्चच्या बाहेर कडेला जोडीने उभ्या राहणाऱ्या तरुणांच्या मिस्सेला ‘सिंबांग ताबी’ म्हणतात. ताबी म्हणजे कडेला. २०२१ मध्ये १६ डिसेंबरलाच ओदेत हे महाचक्रीवादळ सियारगाव बेटावर धडकलं. या देशात सण आणि वादळ एकाच कॅलेंडरवर राहतात.

मिस्सा सुटली की बाहेर धूर असतो. एका बाजूला ‘पुतो बुंबोंग’: जांभळा चिकट तांदूळ रात्रभर भिजवून, वाटून, पाणी निथळून, बांबूच्या नळीत वाफवलेला. नळी भरताना दाबायची नाही, वाफेला वाट हवी. दाबलं तर खालचा भाग चिकट आणि वरचा कच्चा. वरच्या तोंडातून वाफ आली की नळी आपटून बाहेर काढायचं आणि लोणी, गूळसाखर, खवलेला नारळ घालायचा.

दुसऱ्या बाजूला ‘बिबिंका’. नाव ऐकून गोव्याचं बिबिंक आठवलं तर बरोबरच आठवलं: दोन्हींत नारळाचं दूध आणि अंडी, आणि दोन्हींना निखारे वरून लागतात. फक्त गोव्याचं थर थर चढवतात, फिलिपिनो एकाच घाण्यात फुगतं. घरच्या मापाने: १ कप तांदळाची पिठी, अर्धा ते पाऊण कप साखर, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ३ अंडी, १ कप नारळाचं दूध, ३ मोठे चमचे वितळलेलं लोणी. यात सहा-सात इंची दोन होतात. केळीचं पान पानगीसाठी करतो तसं विस्तवावरून फिरवून मऊ करून भांड्यात अंथरायचं. कच्चं पान दुमडताना चिरतं आणि पीठ खाली झिरपून जळतं. दोन्हीकडे निखारे, वर जास्त. ओव्हनमध्ये १८० अंशांवर १५ मिनिटं, मग बाहेर काढून वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या आणि चीज, आणि पुन्हा १५ ते २० मिनिटं. (बाजारात ही खारी अंडी गडद गुलाबी रंगवलेली असतात, ताज्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून.) पीठ कालवून ठेवून दिलं तर फुगणं भांड्यातच संपून जातं. वरचे निखारे कमी पडले तर रंग येत नाही, आणि रंग येईपर्यंत ठेवायचं म्हटलं तर तळ कोळसा. गाडीवाली बाई वरचं झाकण सतत उचलून बघत असते ते उगीच नाही.

२४ च्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरचं ‘नोचे बुएना’ जेवण, हॅम, गोडसर स्पॅगेटी, आणि कापलेलं ते लाल चीज, याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. खाणारे अर्धे झोपेत असतात. सकाळी मुलं धर्ममाता-धर्मपित्यांच्या घरी जातात, त्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करतात आणि ‘आगिनाल्दो’ म्हणजे कोऱ्या नोटा घेतात. बारशाला हौसेने अनेक मुलांचं पालकत्व घेतलेले काही धर्मपिते त्या दिवशी नेमके गावाला गेलेले असतात.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा रविवार जानेवारीत येतो, त्यानंतर दिवे उतरायला हवेत. बरेच जण तिसऱ्या रविवारच्या सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, सणापर्यंत थांबतात. तोवर कागदी पारोल उन्हाने फिके पडून फाटलेले असतात, ते टाकून देतात. शिंपल्याचा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातो, माळा वेटोळ्या करून त्याच्या कडेला. खोका तोच, ऑक्टोबरात दुबईहून निघालेला, वर मार्करने पत्ता लिहिलेला. आणि तिकडे कुणीतरी जानेवारी सेलमधले टॉवेल घेऊन आलेलं असतं, आणि ते ठेवायला कोपऱ्यात नवा खोका उलगडून त्याच्या तळाला चिकटपट्टी मारत असतं.